चार महिने झाले, बाहुलीकाराचं उत्तर नाही

एका आईचा प्रश्न आहे. तिचा दहा वर्षांचा मुलगा बाहुल्यांचा वेडा. जूनमध्ये त्याने अमेरिकेतल्या एका बाहुलीकाराला इंग्रजीत पत्र पाठवलं. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पाच रुपयांचं तिकीट लावलेलं रिकामं पाकीटही ठेवलं. ऑक्टोबर संपत आला तरी उत्तर नाही. रोज शाळेतून आला की तो आधी जिन्याखालची टपालपेटी उघडतो. पुन्हा लिहावं का, किती दिवस थांबावं, असं त्या विचारतात. आणि शेवटी लिहितात, ‘खरं सांगू? मीच त्या बाहुल्याच्या नावाने दोन ओळी लिहून पेटीत टाकाव्यात असं मनात येतंय. चालेल का?’

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं थोडं थांबू शकतं. नका टाकू.

मी 27 वर्षं शाळांमधून हातमोजाच्या बाहुल्यांचे खेळ करते. माझ्याकडे एक माकड आहे. एका गावच्या शाळेतल्या दुसरीतल्या मुलीने खेळ पाहून माकडाला पत्र लिहिलं होतं. ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. वडिलांना तिची वाट पाहणं बघवेना, म्हणून त्यांनी माकडाच्या नावाने उत्तर लिहिलं. त्यात लिहिलं होतं, ‘पुढच्या वेळी येताना तुझ्यासाठी चिंचा आणीन.’ पुढच्या वर्षी मी त्याच शाळेत गेले. खेळ संपल्यावर ती मुलगी धावत पडद्यापाशी आली आणि माकडासमोर हात पसरून म्हणाली, ‘चिंचा?’ मला काहीच ठाऊक नव्हतं. माकड म्हणालं, ‘कसल्या चिंचा गं?’ तिने माकडाकडे बघायचं थांबवलं आणि वर माझ्याकडे बघितलं. माकड माझ्या हातातच होतं, पण त्या क्षणापासून तिच्या लेखी तो नुसता माझा हात झाला. वडिलांनी फाटकापाशी गाठून मला सगळं सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी केलं ते प्रेमापोटीच. पण बाहुलीने दिलेला शब्द पाळायला बाहुलीला ठाऊक असावा लागतो.

तुमचा मुलगा तर दहा वर्षांचा आहे. त्याने बाहुल्याला नाही, बाहुलीकाराला लिहिलं आहे. बाहुल्यामागे माणूस आहे हे त्याला कळतं आणि त्या माणसाशीच त्याला बोलायचं आहे. त्या माणसाच्या नावाने दुसऱ्या कुणी बोलू नये.

आता टपालाचं. त्या पाकिटावर आपलं पाच रुपयांचं तिकीट लावलंत, तिथे गडबड झाली. आपली तिकिटं अमेरिकेच्या पोस्टात चालत नाहीत. परतीचं पत्र जिथून निघणार, तिथलंच तिकीट हवं. तुमचं पाकीट मिळालं असेल तरी ते तसंच टाकता येणार नाही. बाहुलीकाराला नवं तिकीट आणून लावावं लागेल, आणि पन्नास पत्रांच्या ढिगात असं पाकीट हमखास खाली जातं.

यावर जुना इलाज होता आंतरराष्ट्रीय उत्तर कूपनचा. 1906 साली रोमच्या टपाल परिषदेत ते ठरलं. आपण इथे कूपन विकत घ्यायचं, समोरच्याने आपल्या पोस्टात ते देऊन तिकीट घ्यायचं. मी नव्वदच्या दशकात ही कूपनं वापरली आहेत. पण 2013 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची विक्री बंद केली, ब्रिटनने त्याच्याही आधी. आज तिथल्या खिडकीवरच्या माणसालाही कूपन ओळखू येईलच असं नाही, आणि एका पत्रासाठी बाहुलीकार रांगेत उभा राहणार नाही. त्यापेक्षा तिकडे राहणाऱ्या नातेवाइकाला सांगा. अमेरिकेत ‘ग्लोबल फॉरेव्हर’ नावाचं गोल तिकीट मिळतं. एका तिकिटात एक औंसापर्यंतचं, म्हणजे साधारण 28 ग्रॅमचं पत्र जगात कुठेही जातं, आणि दर वाढले तरी जुनं तिकीट चालतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत कुणाची तरी बहीण किंवा भाचा न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात असतो. दिवाळीच्या फोनवर चार तिकिटं मागवून ठेवा. दोन-तीन वर्षं पुरतील.

पाकिटावर तुमचा पत्ता इंग्रजीत लिहा, खाली ‘इंडिया’ ठळक मोठ्या अक्षरांत. पिनकोडचे सहाही आकडे नीट वाचता येतील असे हवेत. (ही पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. मुलाला हेही सांगा. पत्र लिहिणाऱ्याला आपला पत्ता कुणी आखला ते माहीत असावं.) पाकीट साधं, पातळ असू द्या. आत पुठ्ठा घालू नका. वजन वाढलं की एक तिकीट पुरत नाही.

आता पत्र जातं कुठे ते पाहू. तुम्ही बाहुलीकाराचं नाव लिहिलं नाहीत, म्हणून मी माझं उदाहरण घेते. अमेरिकेतल्या जिम हेन्सन यांच्या टीव्हीवरच्या बाहुल्यांना लोक ‘मपेट’ म्हणून सगळ्यांना एकाच घरातले समजतात, पण आज ते तीन घरांत राहतात. कर्मिट बेडूक आणि त्याची मंडळी 2004 पासून डिस्नेकडे आहेत. एल्मो, कुकी मॉन्स्टर, बिग बर्ड हे न्यू यॉर्कच्या सेसमी वर्कशॉपचे. आणि जिम हेन्सन यांच्या कुटुंबाची कंपनी अजून वेगळी आहे, तिच्याकडे इतर बाहुल्या आहेत. कर्मिटसाठीचं पत्र सेसमी वर्कशॉपला पाठवलं तर ते पोचलं तरी नेमक्या हातात पडेलच असं नाही. शिवाय बाहुलीकार कंपनीच्या कचेरीत टेबलावर बसलेले नसतात. एल्मो आणि मंडळींच्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमाचं शूटिंग 1993 पासून न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या कॉफमन ॲस्टोरिया स्टुडिओत होतं. ते बारा महिने चालत नाही. कलाकार मधल्या काळात दुसरीकडे काम करत असतात. जूनमध्ये कचेरीत पोचलेलं पत्र हंगाम सुरू होईपर्यंत एखाद्या खोक्यात पडून राहणं अगदी शक्य आहे. म्हणून चार महिने म्हणजे नकार नव्हे. परदेशातून मला सर्वांत लवकर आलेलं उत्तर तीन आठवड्यांत आलं, सर्वांत उशिराचं 14 महिन्यांनी. दोन्ही पत्रं सारखीच आपुलकीची होती.

ते तीन आठवड्यांचं उत्तर कसं आलं ते सांगते, कारण मुलाच्या पुढच्या पत्राला त्याचा उपयोग होईल.

कुकी मॉन्स्टरकडे नीट बघा. त्याचे दोन्ही हात म्हणजे हातमोजे, आत खऱ्या माणसाचे हात असतात. बिस्किटं उचलतो, तोंडात कोंबतो, चुरा उडवतो. हे एका माणसाचं काम नाही. मुख्य कलाकाराचा उजवा हात बाहुल्याच्या डोक्यात असतो आणि डावा हात बाहुल्याच्या डाव्या हातमोज्यात. बाहुल्याचा उजवा हात दुसरा कलाकार चालवतो, पहिल्याला अगदी चिकटून उभा राहून. नवे कलाकार बऱ्याचदा असाच कुणाचा तरी उजवा हात होऊन शिकतात. 1998 मध्ये नात्यातल्या एका ताईने अमेरिकेहून कॅसेट पाठवली होती. परदेशी कॅसेटही चालवणाऱ्या मल्टीसिस्टिम व्हीसीआरवर ती थांबवून थांबवून मी बघत बसले आणि एका बाहुल्याच्या उजव्या हाताच्या प्रेमात पडले. बाहुला बोलत होता, गाणं म्हणत होता, आणि उजवा हात मात्र नकळत टेबलावरचा चुरा गोळा करत होता. कुणी सांगितलं नसेल त्याला. शेवटच्या श्रेयनामावलीत कोण कोण आहे ते लिहून घेतलं आणि मी त्या उजव्या हाताला पत्र लिहिलं. चुरा गोळा केलात ते मी पाहिलं, इतकंच. तीन आठवड्यांनी दोन पानांचं उत्तर आलं. प्रसिद्ध बाहुल्याला हजारोंनी पत्रं येतात, त्याच्या उजव्या हाताला येत नाहीत.

तेव्हा मुलाला विचारा, तुला त्या बाहुल्याचं नेमकं काय आवडलं? ‘तुमचं काम फार छान आहे’ असं वाक्य लिहिलं की त्यावर ‘धन्यवाद’ यापलीकडे काही लिहिता येत नाही. पण ‘अमुक भागात तुम्ही रागावून पाठ फिरवलीत आणि मग हळूच मान वळवून बघितलंत, ते कसं केलंत?’ असं लिहिलं की बाहुलीकाराला तो दिवस आठवतो, खांद्याची ती कळ आठवते, आणि पेन हातात येतं.

असे प्रश्न सुचायला बघणं पुरत नाही, करावं लागतं. आज रात्रीच एक प्रयोग करा. मुलाच्या हातात मोजा घाला. जमिनीवर उकिडवं बसून तो हात डोक्यावर सरळ उभा धरायला सांगा आणि मोज्याला चार मिनिटं बोलू द्या. दीड मिनिटात हात खाली येईल. मग मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्याने त्याचा मोजा दाखवा आणि ते चित्र समोर टीव्हीवर लावा. टीव्हीवरचे बाहुलीकार असेच काम करतात. हात वर, मान खाली, डोळे मॉनिटरवर. मॉनिटर आरशासारखा नसतो. आपण उजवीकडे गेलो की चित्र उलट्या बाजूला जातं. आरशाची जन्मभराची सवय मोडायला महिने लागतात. बिग बर्ड करणारे कॅरल स्पिनी त्या आठ फूट दोन इंची पक्ष्याच्या आत उभे राहून उजवा हात डोक्यावर धरत. त्याच हाताच्या करंगळीने पक्ष्याच्या पापण्या हलत, आणि बाहेरचं दिसावं म्हणून छातीवर छोटा पडदा बांधलेला असे. 1969 पासून 2018 पर्यंत त्यांनी हा पक्षी सांभाळला. शेवटची काही वर्षं शरीर साथ देईना, तेव्हा ते फक्त आवाज देत. मुलाचा हात दीड मिनिटात खाली आला ना, की हे ऐकून त्याला स्वतःहून प्रश्न सुचतील. तेच पत्रात लिहायचे.

आणखी एक गोष्ट, जी पत्र लिहिणाऱ्याला कधीच सुचत नाही. मला मुलांची पत्रं येतात तेव्हा सगळ्यात जास्त वेळ या एकाच प्रश्नात जातो, की उत्तर कोणी द्यायचं, मी की माकडाने? पत्र माकडाच्या नावावर असतं, आत मात्र एखादी ओळ माझ्यासाठी असते. या पोराला बाहुलीमागे माणूस असतो हे माहीत आहे का? नसेल आणि मी माझ्या नावाने लिहिलं, तर मी त्याचं माकड मारून टाकलं. माहीत असेल आणि मी माकड होऊन लिहिलं, तर त्याला वाटेल ही बाई मला बाळ समजते. एका मुलीचं पत्र (‘रात्री माकडाला कुठे झोपवता?’) मी ट्रंकेत आठ महिने जपून ठेवलं होतं, फक्त हे ठरेना म्हणून. शेवटी तिच्या शिक्षिकेला फोन करून विचारलं. म्हणून पालकांनी पत्रासोबत एक चिठोरं जोडावं. ‘माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, बाहुलीकाराचं काम त्याला कळतं, त्याला तुमच्याशी बोलायचं आहे.’ एवढ्या तीन वाक्यांनी समोरच्याचे कित्येक आठवडे वाचतात. मूल लहान असेल तर उलट लिहावं, की त्याच्यासाठी बाहुली खरी आहे, शक्य झालं तर तिच्याच नावाने लिहा.

सहीसाठी कोरी कार्डं पाठवू नका, एकही नको. सह्या मिळवून विकणारे लोक अशीच पाच-सहा कार्डं पाठवतात, आणि त्यामुळे कलाकार सावध झालेले आहेत. मुलाचं हस्ताक्षर, एखादी खाडाखोड, कोपऱ्यात काढलेलं चित्र असं पत्र कुणीही विकणाऱ्याचं समजणार नाही. भेटवस्तू नको, पैसे तर नकोच. मोज्याची बाहुली केली असेल तर ती न पाठवता तिचा फोटो पाठवा. आणि छापील कार्ड आलं तर? मोठ्या कंपन्यांतून ते येऊ शकतं. मुलाला आधीच सांगून ठेवा की ते कचेरीचं उत्तर असतं, पत्र पोचल्याची पोच. माणसाचं उत्तर त्यानंतरही येऊ शकतं.

उत्तरं देण्याच्या बाबतीत एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. फ्रेड रॉजर्स. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात तयार होणारा त्यांचा मुलांचा टीव्ही कार्यक्रम 1968 पासून 2001 पर्यंत चालला. त्यातल्या राजा, वाघ, घुबड अशा कितीतरी बाहुल्या ते स्वतः चालवत आणि त्यांचे आवाजही स्वतःच काढत. आलेल्या पत्रांना उत्तर देणं हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होता. मूल विचारतं ते मनापासून, तर उत्तरही मनापासून द्यायचं, अशी त्यांची रीत. एका अंध मुलीच्या घरून त्यांना पत्र आलं. कार्यक्रमात ते रोज टाकीतल्या माशांना खाऊ घालत, पण बोलत नसत. त्या मुलीला मासे उपाशी राहिले की काय अशी काळजी वाटत असे. तेव्हापासून रॉजर्स खाऊ घालताना ‘मी माशांना खाऊ घालतोय’ असं मोठ्याने म्हणू लागले. ज्यांना दिसत होतं अशा लाखो मुलांनीही ते वाक्य ऐकलं, आणि ते कुणासाठी होतं हे त्यांना माहीत नव्हतं. हे मी वाचलं तेव्हापासून माझ्या खेळात माकड काही खायला बसलं की आधी तोंडाने सांगतं.

आता थांबण्याबद्दल. टपालपेटी रोज उघडू दे, पण उघडण्याचं कारण एकच नको. म्हणून मी नेहमी सांगते, परदेशी एक पत्र टाकलं की त्याच आठवड्यात जवळच्या एका बाहुलीकाराला मराठीत दुसरं टाका. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची घराणी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे बाहुल्यांचं संग्रहालयही आहे. सुट्टीत कोकणात गेलात तर कुडाळला उतरा, बघून या, आणि परत आल्यावर मुलाला पत्र लिहायला लावा. आधी पाहिलेलं, मग लिहिलेलं पत्र वेगळंच उतरतं. आणि बोलक्या बाहुल्यांचं म्हणाल, तर अर्धवटराव आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने आहेत. यशवंत पाध्यांच्या हातून ते रामदास पाध्यांच्या हाती आले. तुमच्या सासूबाईंनी किंवा त्यांच्या आईने कदाचित थोरल्या पाध्यांच्या मांडीवरचे अर्धवटराव पाहिले असतील. 1993 मध्ये ज्या तात्या विंचूने आमच्या पिढीची झोप उडवली, तोही रामदास पाध्यांनीच घडवलेला. आजीला विचारून, तिची आठवण तिच्याच शब्दांत उतरवून मुलाने पत्रात घातली तर ते पत्र एकट्या मुलाचं राहणार नाही.

देशातल्या देशात परतीचं पाकीट ठेवलं तर पाच रुपयांत 20 ग्रॅम जातं. आत फोटो येईल असं वाटलं तर दहाचं लावा. कमी पडलं की पत्र बेअरिंग होतं आणि दंड मुलाला भरावा लागतो. पूर्वी आम्ही जोडकार्ड टाकायचो, अर्ध्यावर आपलं पत्र आणि अर्धं उत्तरासाठी कोरं. त्या कोऱ्या अर्ध्याची जागा आज फोन नंबरने घेतली आहे. पालकाचा नंबर पत्रात जरूर द्या. सिंधुदुर्गातल्या एका वयस्क कलाकाराने माझ्या पत्राला पाच महिने उत्तर दिलं नाही. मग एका रात्री साडेनऊला फोन वाजला. ते म्हणाले, लिहिता येईना, हात कापतो, म्हणून म्हटलं वाजवून दाखवतो. आणि फोन जमिनीवर ठेवून त्यांनी ढोलकी वाजवली, खेळ सुरू होताना वाजवतात तशी. पेटीत काहीच पडलं नाही, पण उत्तर आलं होतं.

वेळेचंही बघा. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी आणि मे महिना हा मुलांच्या खेळांचा हंगाम, आणि 21 मार्चला जागतिक बाहुलीनाट्य दिन असतो, तेव्हा सगळे कामात बुडालेले असतात. या तिन्हींच्या तोंडावर पत्र टाकू नका. सगळं उरकल्यावर, जूनच्या शेवटी किंवा जानेवारीत, बाहुल्या दुरुस्तीला काढलेल्या असतात आणि माणूस घरी असतो.

तेव्हा तुमच्या मुलाचं दुसरं पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाका. तोवर तिकिटंही येतील. त्यात ‘माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही’ असं अजिबात लिहायचं नाही. ‘मी जूनमध्येही लिहिलं होतं’ एवढी एक ओळ पुरे, म्हणजे खोक्यातलं पहिलं पत्र सापडलं तर दोन्ही एकत्र ठेवता येतील. बाकी पत्र नव्या प्रश्नाचं असू द्या. मोज्याने चार मिनिटं बोलायला किती दिवसांनी जमलं, आणि खांद्याच्या कोणत्या बाजूला दुखलं, हे त्याला आवर्जून लिहायला सांगा. त्याच्या पहिल्या पत्राची प्रत तुमच्याकडे नसेल, तर या वेळी टाकण्याआधी फोटो काढून ठेवा. वर्षभराने उत्तर येतं तेव्हा आपण काय विचारलं होतं तेच आठवत नाही. माझं ते 14 महिन्यांनी आलेलं उत्तर सुरू होत होतं ‘हो, डाव्या हाताने’ असं, आणि प्रश्न काय होता ते शोधायला मला जुन्या वहीचं पान न्‌ पान उलटावं लागलं.